मक्याला तुरा आला तेव्हा

राग आला की माझा आवाज चढत नाही, उलट बसतो. घरी हे माहीत आहे. मी हळू बोलायला लागले की आई हातातलं काम टाकून मुकाट्यानं आत जाते. गेली काही वर्षं मी फार हळू बोलतेय.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. कॉलेज पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला लागून आहे आणि आम्ही राहतो गारखेड्यात, म्हणजे रोज शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. माझा विषय वायरलेस नेटवर्किंग, म्हणजे तारेवाचून एकमेकांशी बोलणारी उपकरणं. सोसायटीत सगळ्यांना वाटतं की मी वायफाय दुरुस्त करते. शेजारच्या काकूंचा राउटर मी एकदा बंद करून पुन्हा चालू करून दिला, तेव्हापासून तर माझी ख्याती फारच वाढली. असो. पीएच.डी. मी काही त्यासाठी करत नव्हते.

मी करत होते ते काम सांगायला सोपं आहे. शेतात ठिकठिकाणी प्लॅस्टिकचे लहान डबे बसवायचे. डब्याचा एक दांडा मातीत जातो, तो ओल मोजतो. वर बोटभर अँटेना असते. ती शेजारच्या डब्याला निरोप देते, तो त्याच्या पुढच्याला, असं करत निरोप बांधावरच्या मोठ्या डब्यापर्यंत पोचतो आणि तिथून मोबाईलवर. शेतकऱ्याला घरबसल्या कळतं, पाणी द्यायचं की नाही. जाहिरातीत हे झकास चालतं, कारण जाहिरातीतल्या शेतात पीक गुडघ्याच्या वर कधी जात नाही. खऱ्या शेतात मका माणसाच्या डोक्यावर जातो. त्याच्या पानांत पाणी असतं, आणि पाण्याचं आणि आमच्या रेडिओ लहरींचं जन्मापासून वाकडं. मका वाढला की डबे मुके होतात. आणि होतात कधी, तर तुरा येतो तेव्हा, जेव्हा पिकाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते.

प्रश्न एवढाच होता की ते हळूहळू मुके होतात की एकदम. ऐकायला हा फालतू प्रश्न वाटतो, पण हळूहळू होत असतील तर मधे आणखी एखादा डबा लावून भागतं. एकदम होत असतील तर तुरा यायच्या आधीच अँटेना पिकाच्या वर काढावी लागते, नाहीतर घेतलेलं सगळं सामान ऐन वेळी भंगार. पुस्तकं म्हणत होती, हळूहळू. माझ्या गाईडचा जुना शोधनिबंधही म्हणत होता, हळूहळू. मला वाटत होतं, एकदम. हे ठरवायला एका शेतात पेरणीपासून काढणीपर्यंतच्या अखंड नोंदी हव्या होत्या. मधे एकही खाडा नको.

गाईड म्हणजे आमचे विभागप्रमुखच. त्यांचा तो निबंध कॉम्प्युटरवर झाला होता. आमच्या विषयात बहुतेक पीएच.डी. खुर्चीतून न उठता होतात. कॉम्प्युटरमधे एक सपाट जमीन काढायची, त्यावर ठिपके ठेवायचे, ठिपक्यांना सांगायचं की तुम्ही डबे आहात, आणि ते गुणी लेकरांसारखे सांगितलेलं ऐकतात. त्या जमिनीवर पाऊस पडत नाही, उंदीर येत नाहीत, मका तर उगवतच नाही. सरांना मका माहीत होता तो म्हैसमाळच्या रस्त्यावर लिंबू-मीठ लावून भाजून मिळतो तेवढा. मी शेतात प्रयोग करणार म्हटल्यावर ते म्हणाले, "कशाला नसता ताप घेतेस? सिम्युलेशन कर, सहा महिन्यांत मोकळी होशील." मी ऐकलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे आमच्याकडं आधीच पुष्कळ होते.

पिशोरला माझ्या मामाची शेती आहे, थोडी अद्रक आणि बाकी मका. मामानं कसलीही चौकशी न करता शेत दिलं. पहिल्या वर्षी उंदरांनी डब्यापासून दांड्यापर्यंतच्या वायरी कुरतडल्या आणि हंगाम वाया गेला. दुसऱ्या वर्षी मी प्रत्येक वायर लोखंडी पाइपातून नेली, दांडे एका उंचीवर ठोकले, एका अंतरावर ठोकले. दर रविवारी मी एसटीनं पिशोरला जायची. मामी जेवायला वाढायची आणि मी चिखलाच्या पायांनीच ओसरीवर बसायची. डबे उत्तम चालले होते. आषाढ गेला, मका कमरेला आला, छातीला आला, आणि तरी रोज संध्याकाळी मी गारखेड्यात कणीक मळत असताना ओट्यावरच्या मोबाईलवर पिशोरची ओल येत होती. मला एवढा आनंद आयुष्यात फार कमी वेळा झालाय.

एक गोष्ट मात्र डोक्यावर टांगलेली होती. माझ्या नोंदणीची ही शेवटची मुदतवाढ होती. नोंदणी झाली तेव्हा शहराचं नावसुद्धा वेगळं होतं, एवढी वर्षं त्यात गेली होती. पुढचा मका उगवायच्या आत प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द. आणखी मुदत हवी असेल तर गाईडची शिफारस लागते. म्हणजे हा मका माझा शेवटचा होता.

आणि त्याच सुमारास कॉलेजात समिती यायची ठरली.

कॉलेजाला श्रेणी देणारी समिती म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. आधीचा महिना नुसतं लग्नघर. भिंतींना रंग, भाड्याच्या कुंड्या, बंद पडलेल्या कारंज्यात पाणी. ज्या लायब्ररीत कुत्रं फिरकत नाही तिथं विद्यार्थ्यांना पाळीपाळीनं वाचत बसवतात. बाई प्राध्यापकांनी एका रंगाच्या पैठण्या नेसायच्या आणि फाटकावर औक्षण करायचं, असा आदेश निघतो. पुरुष प्राध्यापकांनी ओवाळायचं असा आदेश मी अजून पाहिलेला नाही. मी सरांना म्हटलं, "मी माझ्या प्रयोगाबद्दल समितीला सांगू शकते." ते म्हणाले, "ते मी सांगेन. तू ताट बघ."

पुढच्या आठवड्यात एक दिवस माझी दुसऱ्या कॉलेजात परीक्षेची ड्युटी होती. तिथं मोबाईल फाटकावरच जमा करून घेतात. संध्याकाळी तो परत मिळाल्यावर मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून पिशोरचा आलेख उघडला, आणि पाहतच राहिले. सकाळी सगळे डबे छान बोलत होते. दुपारपर्यंत एकामागून एक गप्प झाले होते. एकदम. काल-परवापर्यंत धडधाकट असलेला सिग्नल कड्यावरून ढकलल्यासारखा खाली आला होता. रविवारी मी स्वतः पाहिलं होतं, तुरे पोग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून, डोकावायला लागले होते. म्हणजे मी म्हणत होते तेच खरं होतं. पुस्तकं चूक होती, सर चूक होते, आणि माझ्या हातात पुरावा होता.

मी घरी आले ती नाचतच. आईला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं शिरा केला. मी त्या आलेखाचा फोटो काढून ठेवला. जगात दुसऱ्या कुणाला असला आनंद झाला नसता. शेतातून उत्तर येईनासं झालं तर माणूस घाबरतो, पळत जातो, फोन करतो. मी मात्र शिरा खात बसले, कारण माझं सगळं संशोधनच मुळी उत्तर न येण्याबद्दल होतं. डबे बांधाकडून आत, ओळीनं बंद पडलेत हे मला दिसत होतं. मका काही रांग लावून तुरा काढत नाही, हे कळायला पीएच.डी. लागत नाही. पण हवं ते समोर आलं की कोण खोलात जातं?

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात गेले. आमच्या मजल्यावरच्या भिंतीला ताजा पिवळा रंग दिला होता आणि त्यावर माझे डबे टांगले होते. सगळेच्या सगळे, ओळीनं, खिळ्यांना. प्रत्येकाला झेंडूची माळ आणि कुंकवाचं बोट. वर फलक होता, 'स्मार्ट शेती प्रयोगशाळा'. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती अशी जाते हे मला त्या दिवशी कळलं.

कॉलेजच्या गाडीचा ड्रायव्हर जिन्यात भेटला. माझा चेहरा बघून बिचारा स्वतःहूनच बोलला. "मॅडम, सर बोले पिशोर जाके डिब्बे लेके आव, तो मैं लेके आया. तुमकू बोले नै क्या? मेरेकू क्या मालूम."

मी मामाला फोन लावला.

"व्हय माय, काल गाडी आली व्हती," मामा म्हणाला. "मॅडमनं समदे डबे मागवलेत म्हनले. तुला फोन लावला तर बंद. म्हनलं कालेजात काम निघालं आसंल. दुपारपत्तोर काढत व्हतो, दांड्यांसकट. चिखलानं लई बरबटले व्हते गं. मोठ्या लोकांपुढं आसे कसे धाडायचे? तुझ्या मामीनं साबन लावून धुतले, उन्हात वाळवले, मंग दिले. पोचले ना नीट?"

"पोचले मामा."

"बरं झालं का त्यांचं काम?"

"झालं," मी म्हटलं. मामीनं साबण लावून धुतलेल्या गोष्टीवर ओरडायचं तरी कसं? डबे निघाले ते निघाले, दांडेही जागचे हलले होते. कुठला कुठं होता त्या जागा मला माहीत होत्या, पण त्यात पुन्हा माती दाबून बसायला वेळ लागणार होता आणि तुरा माझ्यासाठी थांबणार नव्हता.

मी तशीच सरांच्या केबिनमधे गेले. म्हटलं, "सर, डबे आजच्या आज परत न्यायचेत. तुरा यायला लागलाय." आवाज पार बसला होता. त्यांना दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालीस.

कळल्यावर ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले आणि म्हणाले, "अगं, समिती पाच वर्षांतून एकदा येते. मका काय, दरवर्षी येतो."

हे वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा मनात ऐकलंय की त्यातला प्रत्येक शब्द मला त्यांच्या आवाजात येतो. मी त्यांना माझी मुदत सांगितली, अखंड नोंदींचं सांगितलं. ते टेबलावरच्या पाहुण्यांच्या गुच्छांकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "समिती जाऊ दे, मग बघू. कॉलेजचा प्रश्न आहे. तू एवढी स्वार्थी कधीपासून झालीस?"

चोर तो चोर, वर शिरजोर. दुसरं काय.

समिती आली. मी पैठणी नेसून फाटकावर ताट घेऊन उभी राहिले. का राहिले? नोकरी होती, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर सरांची सही लागणार होती. मी तीन परक्या पुरुषांना कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, आणि मग त्यांच्या मागून, हातात तेच ताट घेऊन, माझ्याच प्रयोगशाळेत गेले. हवेत लटकलेल्या दांड्यांना ओल दिसत नाही. पडद्यावर सगळीकडं शून्य यायला लागलं तेव्हा कुणीतरी शक्कल लढवून भाड्याच्या कुंड्या भिंतीशी मांडल्या होत्या आणि दांडे कुंड्यांत खोचले होते. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं. पडद्यावर ओल फार सुरेख दिसत होती.

"हा डेटा कुठून येतोय?" समितीतल्या एकानं विचारलं.

"पिशोरहून, सर," आमचे सर म्हणाले. "कन्नड तालुक्यातलं गाव आहे. लाइव्ह."

समितीच्या पायाशी कुंडी होती. तिघांनी माना डोलावल्या. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि जेवून तृप्त झालेले तीन पाहुणे. मी शेजारी उभी होते आणि निरांजन विझलं होतं. त्यातल्या एका गृहस्थांनी माझ्याकडं बघून म्हटलं, "महिलांचा सहभाग चांगला दिसतो." कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली आणि पेढे वाटले गेले. मी माझा पेढा भिंतीवरच्या एका डब्यावर ठेवून दिला.

डबे घेऊन मी पिशोरला गेले तेव्हा मका माझ्यापेक्षा उंच झाला होता. तुरे पूर्ण उमलले होते, कणसांना केस फुटले होते. मामानं आणि मी दिवसभर खपून डबे जागच्या जागी बसवले. ते सुरू झाले, म्हणजे दिवे लागले. एकमेकांना त्यांचं काही ऐकू जात नव्हतं. एवढं मला आधीच माहीत होतं. माहीत नव्हतं ते मधलं, आणि ते मधलं कॉलेजच्या भिंतीवर झेंडूच्या माळेत गेलं होतं. मामा म्हणाला, "काय झालं गं, बिघडले का? साबन गेलं का काय आत?" मी म्हटलं, "नाही मामा, साबणाचं काही नाही." तो बराच वेळ एक डबा उगाच फडक्यानं पुसत राहिला.

माझ्या आलेखात आता आधी चांगला सिग्नल होता, शेवटी मेलेला सिग्नल होता आणि मधे मोकळी जागा. मी तो सरांपुढं ठेवला आणि म्हटलं, "मला आणखी एक हंगाम हवाय. मुदतवाढीची शिफारस द्या."

सरांनी चष्मा वर केला. "कशाला? दोन टोकं आहेत ना तुझ्याकडं? मधे रेष मार."

मधे सरळ रेष मारली की काय होतं? सिग्नल हळूहळू, रोज थोडा थोडा कमी होताना दिसतो. म्हणजे सरांच्या जुन्या निबंधात होतं तेच. त्यांनी माझा हंगाम खाल्ला, आणि आता त्या भोकावर रेष मारून मी त्यांचंच म्हणणं खरं ठरवायचं होतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, आणि त्याही माझ्याच हातानं. मी म्हटलं, "रेष नाही मारणार." ते म्हणाले, "मग शिफारस नाही देणार. सरळ हिशेब आहे."

मी प्रबंध मोकळ्या जागेसकट दिला. निष्कर्षात लिहिलं की सिग्नल मरतो हे नक्की, कसा मरतो ते या नोंदींवरून सांगता येत नाही. सात-आठ वर्षं घालवून 'सांगता येत नाही' असं लिहिताना हात जड होतो. सर म्हणाले, "ठीक आहे. व्हायवात कुणी विचारलंच तर बॅटऱ्या गेल्या म्हण."

व्हायवाचं, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेचं, जेवण उमेदवारानं ठेवायचं अशी आमच्याकडं रीत आहे. तुमची परीक्षा घेणाऱ्यांना तुम्हीच गुलाबजाम वाढायचे. बाहेरगावचे परीक्षक शांतपणे ऐकत होते. तो आलेख पडद्यावर आला तेव्हा त्यांनी हात वर केला. "ही मधली जागा कसली?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "बॅटरी फेल्युअर, सर. फील्डवर होतं असं."

माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या डब्यांच्या बॅटऱ्या पूर्ण हंगाम कशा टिकतात यावर होतं. परीक्षकांनी ते चाळलं. मी म्हटलं, "बॅटऱ्या गेल्या नव्हत्या, सर." आवाज बसला होता, तरी त्यांना ऐकू गेलं.

"मग काय झालं होतं?"

"सर, जेवण गार होतंय," आमचे सर उठून म्हणाले. "यांची गाडीही आहे पाचची."

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "जे झालं असेल ते प्रबंधात लिहा," ते म्हणाले. "कारण न देता एवढी जागा सोडता येत नाही. गाईडची सही घेऊन ते पान मला पाठवा, मग माझा अहवाल जाईल." आणि सगळे जेवायला गेले.

जिन्यात सरांनी मला गाठलं. "बॅटरीच लिही. विषय संपव."

ते पान लिहायला मला फार दिवस लागले. बॅटरी लिहिलं तर माझंच एक प्रकरण मी माझ्या हातानं खोटं पाडणार. खरं लिहिलं तर सर सही करणार नाहीत, अहवाल जाणार नाही, पदवी अडकेल आणि सगळं केलेलं पाण्यात. आई म्हणाली, "लिहून टाक गं बॅटरी. कोण वाचतंय?" मी तिच्याशी हळू बोलले. ती आत गेली.

शेवटी मी इंग्रजीत जे लिहिलं ते मराठीत असं आहे: 'मका तुऱ्यात असतानाच्या नोंदी उपलब्ध नाहीत. त्या काळात सर्व संच विभागप्रमुखांच्या सूचनेवरून, संशोधिकेला न कळवता, शेतातून काढून महाविद्यालयाच्या भिंतीवर समितीच्या पाहणीसाठी लावण्यात आले होते. समितीला दाखवलेली ओल कुंड्यांतील होती.' मी ते छापून घेतलं आणि सरांच्या केबिनकडं निघाले तेव्हा काय काय बोलायचं ते सगळं मनात पाठ केलं होतं. ते ओरडतील, पान फाडतील, मग मी कुलगुरूंपर्यंत जाईन. झालं तर होऊ दे वाटोळं. पण एकदा त्यांनी ते माझ्यासमोर वाचावं, एवढं मला हवं होतं.

सर फोनवर होते. "हो, हो, या वर्षीची एक धरा आमच्या विभागाची," ते कुणाला तरी सांगत होते. "पुढच्या समितीला पीएच.डी.ची संख्या दाखवावीच लागते." त्यांनी मला हातानंच खूण केली, आण इकडं. मी पान पुढं ठेवलं. फोन खांद्यात धरून त्यांनी पेन उघडलं.

"सर, आधी वाचा," मी म्हटलं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "कारण लिहिलंयस ना?"

"लिहिलंय. वाचून सही करा."

"त्यात काय वाचायचं," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. "विश्वास आहे माझा तुझ्यावर."

आणि ते पुन्हा फोनवर बोलायला लागले. मी ते पान हातात घेऊन उभी राहिले. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं कशावर? त्यांनी मला काहीच नाकारलं नव्हतं. पान परीक्षकांना पाठवलं, त्यांचा अहवाल गेला, पदवी मिळाली, कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं, सरच माझ्याबद्दल चार शब्द बोलले. प्रबंध लायब्ररीत आहे. त्यांनी काय केलं ते त्यात छापलेलं आहे, खाली त्यांची सही आहे, आणि त्यांना अजून ते माहीत नाही.